उंदराच्या मेंदूतले रिसेप्टर एकेक करून मोजायचेत? आधी हे वाचून घ्या

पहिल्यांदा टर्फ मायक्रोस्कोपच्या (काचेलगतचा पातळ थर तेवढा उजळणारा मायक्रोस्कोप) स्क्रीनवर माझे हिरवे ठिपके चमकले तेव्हा मी तिथूनच आईला फोन लावला होता, दिसलं म्हणून. आई म्हणाली काय दिसलं, मी म्हटलं रिसेप्टर, एक एक वेगळा, ती म्हणाली बरं, जेवलीस का. आणि मग साधारण सहा महिन्यांनी कळलं की दिसलं ते खरं होतं पण मोजलं ते सगळं चुकीचं. ठिपके दिसायला फार काही लागत नाही हो. त्यातून खरा आकडा काढताना मात्र माणूस आपटतो, आणि आपटण्याच्या जागा बहुतेकांच्या त्याच त्याच असतात, म्हणून हे सविस्तर लिहितेय. जो कोणी नवीन पीएचडीला लागलाय आणि ज्याला गाइडने "सिंगल मॉलिक्युल करून बघ", म्हणजे एकेक रेणू वेगळा बघ, असं सहज सांगून टाकलंय, त्याच्यासाठी.

मी बडोद्याची, घर दांडियाबाजारात. आमचे आजोबा जेवण झालं की तळहातावर तंबाखू मळायचे, चुना लावून, आणि ज्या दिवशी डबी सापडायची नाही त्या दिवशी घरात कोणी त्यांच्या वाट्याला जायचं नाही. मी काम करते तो रिसेप्टर, म्हणजे पेशीच्या पडद्यावरचं प्रोटीन, नेमका तोच, तंबाखूतलं निकोटिन जिथे जाऊन बसतं तो, अल्फा-४ बीटा-२.

० . आपण नक्की काय मोजतोय

हा रिसेप्टर पाच तुकड्यांचा, म्हणजे पाच सबयुनिट गोल बसतात आणि मधे आयन जायला भोक. पण पाचात अल्फा किती आणि बीटा किती, याचे दोन प्रकार आहेत: दोन अल्फा तीन बीटा, किंवा तीन अल्फा दोन बीटा. पहिल्याला अगदी थोडं निकोटिनसुद्धा पुरतं, दुसऱ्याला जास्त लागतं. निकोटिन रोज मिळत राहिलं की मेंदूत या रिसेप्टरची संख्या वाढते, आणि जोडणीही पहिल्या प्रकाराकडे झुकते असं पेशींवरच्या कामातून दिसलंय. वेस्टर्न ब्लॉट (अर्कातली प्रोटीन वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची पद्धत) केला तर तुम्हाला सरासरी मिळेल, की अल्फा एवढा बीटा तेवढा. एका रिसेप्टरमधे किती, हे तो सांगू शकत नाही. त्यासाठी प्रत्येक अल्फाला एक जीएफपी, म्हणजे हिरवं चमकणारं प्रोटीन, चिकटवलेला उंदीर घ्यायचा, त्याच्या मेंदूतून रिसेप्टर अख्खा बाहेर काढायचा, काचेवर एकेकटा पकडायचा आणि लेझर मारत बसायचं. जीएफपी एकेक करून कायमचा विझतो. दोन पायऱ्यांत विझला तर दोन अल्फा, तीन पायऱ्यांत तर तीन. पायऱ्या मोजण्याची ही युक्ती २००७ मधे बेडकाच्या अंडपेशींवर नीट बसवली गेली, आणि २०११ मधे काचेवर अँटिबॉडीने पकडून थेट पेशींच्या आणि टिश्यूच्या अर्कातून एकेक कॉम्प्लेक्स बघायची पद्धत आली, तिला सगळे सिमपुल म्हणतात.

ऐकायला सोपं आहे ना, मलाही वाटलं होतं.

१. कागद आधी, उंदीर नंतर

टिश्यूवर काम म्हणजे प्राणी, आणि प्राणी म्हणजे १९६० चा कायदा. तुमच्या संस्थेची प्राणी नीतिसमिती असते, आयएईसी, तिच्याकडे फॉर्म बी भरून द्यायचा. वरची केंद्राची समिती म्हणजे सीसीएसईए, जुने लोक अजून सीपीसीएसईए म्हणतात, गोंधळू नका, तीच. आणि उंदीर जनुक-बदल केलेला आहे म्हणून आयबीएससी, म्हणजे संस्थेची जैवसुरक्षा समिती, वेगळी, हे खूप जण विसरतात, मीही विसरले होते आणि मग एक अख्खी मीटिंग हुकली, पुढची कधी तर तारीख ठरलेली नाही. उंदीर बाहेरदेशातून आणणार असाल तर आयातीचे कागद त्याहून वेगळे.

फॉर्म भरताना उंदरांची संख्या का तेवढी, हे कारणासकट लिहावं लागतं. "साधारण ३०" लिहिलंत तर परत येईल. किती गट, प्रत्येकात किती, कंट्रोल (तुलनेसाठीचे) किती, आणि ब्रीडिंगमधे वाया जाणारे किती, हे सगळं मांडा. वाया जाणारे म्हणजे काय ते पुढच्याच मुद्द्यात.

हाताशी ठेवायचे कागद: फॉर्म बी ची मंजुरी, आयबीएससीची मंजुरी, उंदरांची नोंदवही, जीनोटाइपिंगचे (उंदरात कुठला जीन आहे ते तपासण्याचे) जेलचे फोटो, आणि मायक्रोस्कोप दुसरीकडे असेल तर तिथल्या बुकिंगची मेल. सगळ्याची एक झेरॉक्स बॅगेत कायम.

२. उंदीर दोन्हीकडून टॅगवाला आहे ना?

इथे मी सहा महिने घालवले, म्हणून इथे थोडी रेंगाळणार आहे.

उंदराला जीनच्या दोन प्रती, एक आईकडून एक बापाकडून. दोन्ही प्रतींवर जीएफपी, म्हणजे आपला टॅग, असेल तरच त्याचा प्रत्येक अल्फा हिरवा. एकाच प्रतीवर असेल तर निम्मे अल्फा हिरवे, निम्मे साधे, आणि ते एकाच रिसेप्टरमधे मिसळून बसतात. म्हणजे रिसेप्टरमधे अल्फा दोन आहेत पण हिरवा एकच. तुम्ही मोजणार एक.

हे कळतं कशावरून? शेपटीचा टोकाचा तुकडा, त्यातून डीएनए, मग पीसीआर (त्या जीनच्या प्रती वाढवणं), मग जेल (त्या लांबीप्रमाणे वेगळ्या करणं). टॅगवाल्या प्रतीची पट्टी वेगळ्या उंचीवर येते, दोन्ही पट्ट्या दिसल्या तर मिश्र, ब्रीडिंगमधे वाया जाणारे ते हेच. सोपंय. फक्त माझ्या ट्यूबांवरची मार्करची शाई इथेनॉलने पुसली गेली आणि मी "आठवतंय मला" म्हणून परत लिहून टाकली. प्राणिगृहातले भाई तेव्हा म्हणालेही होते, "बेन, आ तो बीजुं पांजरुं छे", मी म्हटलं नाही हो हेच. त्यांचंच बरोबर होतं, पिंजरा दुसराच होता.

तेव्हा ट्यूबच्या झाकणावर नको, ट्यूबच्याच अंगावर लिहा, त्यावर सेलोटेप लावा, आणि उंदीर ज्या दिवशी घेणार त्या दिवशी त्याच्याच शेपटीचा अजून एक तुकडा ठेवून परत पीसीआर करा. एक पीसीआर जास्त झाला तर काही बिघडत नाही.

टॅग नसलेला साधा उंदीरही लागतो, तितकाच काळजीने. कंट्रोल तोच.

३. काचा

सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. साध्या काचेवर मेंदूचा अर्क टाकलात तर प्रोटीन वाटेल तिथे चिकटतात, मग पकडलेला कोण आणि चिकटलेला कोण कळत नाही. म्हणून काचेवर पेगचं, म्हणजे प्रोटीनला चिकटू न देणाऱ्या पॉलिमरचं, गवत उगवायचं, आणि त्यात मधेमधे बायोटिन लावलेलं पेग, वजनाने २-३ टक्के. बायोटिनवर न्यूट्राव्हिडिन (बायोटिनला घट्ट धरणारं प्रोटीन), त्यावर बायोटिनवाली अँटिबॉडी, त्यावर रिसेप्टर.

स्लाइडला आत-बाहेर द्रव जायला भोकं लागतात. लॅबमधे ड्रिल नव्हतं, मांडवीजवळ एक काचवाले काका आहेत, त्यांच्याकडे हिऱ्याच्या टोकाचं बारीक बिट आहे, ते पाण्यात बुडवून भोकं पाडून देतात. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, बांगड्या करणार का. पाण्यात बुडवूनच पाडायला सांगा, कोरडी पाडली तर कडेला तडे जातात आणि पुढे तिथून गळतं.

मग धुणं: एसीटोन, मग १ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइड (केओएच), दोन्ही सोनिकेटरमधे (ध्वनिलहरींनी धुणारं यंत्र), आणि मधे भरपूर मिलिक्यू, म्हणजे अतिशुद्ध, पाणी. काही जण पिरान्हा वापरतात, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. मी वापरत नाही. ज्या भांड्यात एसीटोनचा थेंब राहिलाय त्यात पिरान्हा ओतलं की स्फोट होऊ शकतो, आणि आपल्या लॅबमधे कुठलं भांडं कोणी कशाला वापरलं हे देवालाच माहीत. केओएच जरा जास्त वेळ ठेवा, भागतं.

नंतर अमिनोसिलेन, पेगला काचेवर धरायला जागा देणारं रसायन: १०० एमएल मिथेनॉल, ५ एमएल ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड, ३ एमएल अमिनोसिलेन, अर्धा तास. नंतर मिथेनॉल, पाणी, नायट्रोजनने सुकवणे. मग पेग, बायकार्बोनेट बफरमधे, पीएच ८.५, काच खाली, थेंब मधे, वर कव्हरस्लिप, रात्रभर. दमट डबा विकत घेऊ नका, टिपांचा रिकामा डबा घ्या, तळाला पाणी, जाळीवर काचा, झाकण लावा आणि अंधारात ठेवा.

सापळा: पेगची बाटली उणे २० मधून काढली आणि लगेच उघडली. पावसाळ्यात बडोद्याची हवा माहितीय ना, बाटलीच्या आत क्षणात दव धरतं, आणि हे पेग पाण्याने मरतं. पावडर दिसायला तशीच पांढरी राहते पण काचेला चिकटत नाही. बाटली झाकणासकट अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा, मगच उघडा. अजून चांगलं म्हणजे नवी बाटली आली की कोरड्या दिवशी छोट्या छोट्या ट्यूबमधे वाटून ठेवा. बफरमधे घातल्यावर चहा प्यायला जाऊ नका, त्यातही ते मिनिटांच्या हिशोबाने मरत असतं.

तयार काचा नायट्रोजन भरून उणे २० ला ठेवल्या की पुष्कळ दिवस टिकतात.

४. टिश्यू ते मेंब्रेन

मेंदूत हा रिसेप्टर थॅलॅमसमधे (मेंदूच्या मधोमधचा भाग) भरपूर असतो, म्हणून मी तोच घेते. आधी हृदयातून थंड सलाईन सोडून रक्त धुऊन काढा, रक्त राहिलं तर सगळ्यात लाली येते आणि बॅकग्राउंड वाढतं. उंदीर तरुण घ्या. म्हाताऱ्या उंदराच्या मेंदूत लिपोफ्युसिन, म्हणजे वयाबरोबर येणारा पेशीतला कचरा, साठलेलं असतं आणि ते हिरव्या चॅनलमधे आपोआप चमकतं, तुम्ही त्याला रिसेप्टर समजून मोजत बसाल.

तुकडा लिक्विड नायट्रोजनमधे टाका आणि उणे ८० ला. कामाच्या दिवशी ०.३२ मोलर सुक्रोजच्या बफरमधे काच-टेफ्लॉन होमोजिनायझरने दहा-बारा फेऱ्या, बर्फात, फेस न आणता. मग सेंट्रिफ्यूजमधे १००० जी ला १० मिनिटं, खाली न्यूक्लियस बसतात, वरचं घ्या. ते १,००,००० जी ला एक तास, खाली बसलेली पांढुरकी चकती म्हणजे तुमचं मेंब्रेन, पेशींचे पडदे. प्रोटीएझ इनहिबिटर (प्रोटीन कुरतडणाऱ्या एन्झाइमना रोखणारं मिश्रण) आहेच, पण त्याच कामाचा पीएमएसएफ पाण्यात टिकत नाही, तो प्रत्येक वेळी ताजा घाला. सकाळी बनवलेल्या बफरमधे दुपारी पीएमएसएफ आहे ही समजूत सोडा.

एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. या चकतीत पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर बसलेले रिसेप्टर आहेत तसे आत ईआरमधे, म्हणजे पेशीतल्या प्रोटीन जोडायच्या कारखान्यात, अजून जोडणी चालू असलेलेही आहेत, आणि या रिसेप्टरच्या बाबतीत आतलेच जास्त असतात. म्हणजे अर्धवट जोडलेलेही तुमच्या ठिपक्यांत येणार. जोडणीच बघायची असेल तर ते सोनं आहे, पण मग सुक्रोज ग्रेडियंटवर (साखरेच्या पाण्याचे कमी-जास्त दाट थर) दोन्ही वेगळे काढा आणि वेगळे मोजा. एकत्र मोजून "मेंदूत असं आहे" लिहिलंत तर पहिलाच रिव्ह्यूअर पकडेल.

५. डिटर्जंट

मेंब्रेनमधून रिसेप्टर अख्खा सोडवायचा, तुटू न देता. मी डीडीएम हे डिटर्जंट १ टक्का, ४ डिग्रीला दीड तास फिरवत ठेवते. मग पुन्हा १,००,००० जी ला फिरवणं. हे दुसरं फिरवणं टाळू नका, टाळलंत तर न विरघळलेले पडद्याचे बारीक फुगे राहतात, एका फुग्यात तीन-चार रिसेप्टर, आणि मग ठिपक्यात आठ-आठ पायऱ्या दिसतात. आमच्या लॅबमधे एकाने त्यावरून नवा मोठा कॉम्प्लेक्स सापडला म्हणून पेढे वाटायचे बाकी ठेवले होते.

पुढे सॅम्पल हजारपट पातळ होणार, तेव्हा डिटर्जंटही पातळ होतं हे लक्षात ठेवा. डीडीएमची मर्यादा साधारण ०.००९ टक्के, त्याच्या खाली गेलात की प्रोटीनचे गोळे होतात. सगळ्या धुण्याच्या बफरमधे ०.०२ ते ०.०५ टक्के राहू द्या. डिटर्जंट नकोच असेल तर एसएमए पॉलिमर आहे, ते पडद्याचा तुकडाच रिसेप्टरसकट कापून काढतं, पण त्याला मॅग्नेशियम-कॅल्शियम चालत नाही, साका होतो. तेव्हा बफरची रेसिपी एकदा वाचा.

६. अँटिबॉडी आणि कंट्रोल

जीएफपीची बायोटिनवाली अँटिबॉडी घ्या, रिसेप्टरची स्वतःची नको. निकोटिन रिसेप्टरच्या अँटिबॉडींचं रेकॉर्ड वाईट आहे, अल्फा-७ या दुसऱ्या सबयुनिटच्या काही अँटिबॉडी तर ज्या उंदरात अल्फा-७ नाहीच त्याच्या मेंदूतही रंग देतात.

चेंबर: स्लाइड आणि कव्हरस्लिप, मधे दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, कडा पाच मिनिटांच्या इपॉक्सीने बंद. न्यूट्राव्हिडिन ०.२ मिग्रॅ प्रति एमएल, ५ मिनिटं, धुवा. अँटिबॉडी १०-२० नॅनोमोलर, १० मिनिटं, धुवा. मग अर्क, २० मिनिटं, धुवा.

आता क्रम महत्त्वाचा. आधी अँटिबॉडीशिवाय टॅगवाला अर्क. मग अँटिबॉडीसकट साध्या उंदराचा अर्क. या दोन्हींत ५० बाय ५० मायक्रॉनच्या चौकोनात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके ठिपके असले तरच पुढे जा. हे कंट्रोल शेवटी ठेवलेत तर मायक्रोस्कोपचा स्लॉट संपतो आणि माणूस मनाशी म्हणतो "ठीकच असेल". ते ठीक नसतं.

मग खरा अर्क, आणि चौकोनात साधारण ३०० ठिपके येतील इतका पातळ. गच्च भरलेलं छान दिसतं पण दोन वेगळे रिसेप्टर एकमेकांवर पडून एक दिसतात. ३०० असताना शंभरात दोन-अडीच ठिपके असे जोडलेले निघतात, २००० केलेत तर सातातला एक.

७. मायक्रोस्कोपचा दिवस

आमच्याकडे टर्फ नाही, दुसऱ्या शहरात जावं लागतं, पहाटेची गाडी आणि तासावर पैसे. थर्मोकोलच्या डब्यात काचा, सॅम्पल ड्राय आइसवर. बॅगेत: पिपेट स्वतःची, टिपा, बफर गाळलेले, लेन्सपेपर, इमर्शन ऑइल, टेप, इपॉक्सी, हार्ड डिस्क मोठी. तिथे सगळं असतं असं सांगतात. नसतं.

टर्फमधे लेझर इतका तिरका मारतात की तो काच-पाण्याच्या सीमेवरून परत फिरतो, ६१ डिग्रीच्या पलीकडे, आणि काचेलगतचा साधारण १०० नॅनोमीटरचा थरच उजळतो. वर तरंगणारा कचरा अंधारात राहतो. लेझर अर्धा तास आधी चालू करून ठेवा. ४८८ नॅनोमीटरचा लेझर, १०० मिलिसेकंदाची एक फ्रेम, आणि पॉवर अशी की बहुतेक ठिपके २०-३० सेकंदांत विझतील.

सगळ्यात मोठा सापळा इथे: फोकस शोधता शोधताच तुम्ही जीएफपी जाळत असता. एका जागी फोकस करा, शटर बंद, बाजूच्या न बघितलेल्या जागी सरका, आधी रेकॉर्डिंग सुरू करा, मगच शटर उघडा. पहिल्या काही फ्रेम काळ्या यायलाच हव्यात.

दुसरं, चमकते रंग लवकर विझू नयेत म्हणून एरवी ऑक्सिजन खाणारं ग्लुकोज ऑक्सिडेझचं मिश्रण वापरतात, ते इथे घालू नका. आपल्याला विझायलाच हवंय, शिवाय त्याने पीएच उतरतो आणि जीएफपी आंबट पाण्यात मंद होतो.

आणि नवरात्रात संध्याकाळचा स्लॉट घेऊ नका. मी घेतला होता, स्वस्त मिळाला म्हणून. मायक्रोस्कोपचं टेबल हादरे लागू नयेत म्हणून हवेवर तरंगतं, त्याची हवा उतरलेली, ती भरायचा नायट्रोजनचा सिलिंडर रिकामा, आणि पलीकडच्या मैदानात गरबा. स्क्रीनवरचे ठिपके तालात हलत होते, खोटं नाही सांगत, तीन टाळ्यांचा गरबा असेल तर डेटामधेसुद्धा दिसतो.

८. मोजणं

प्रत्येक ठिपक्याचा उजेड वेळेबरोबर काढा, फिजी नावाच्या सॉफ्टवेअरमधे होतं, आणि पायऱ्या मोजा. दोन जणांनी, कुठला गट हे न कळता. मधेच विझून परत पेटणारे ठिपके असतात, जीएफपीची मिचमिच, त्यांना बाजूला काढा, कुठे काढले ते लिहून ठेवा.

आता गणित. प्रत्येक जीएफपी पेटतोच असं नाही, काहींची घडीच नीट पडत नाही. समजा १०० तले ७५ पेटतात. तर दोन अल्फावाल्या रिसेप्टरचे जे ठिपके दिसतील त्यात ६० टक्के दोन पायऱ्यांचे आणि ४० टक्के एकाच पायरीचे. तीन अल्फावाल्यात ४३ टक्के तीन, ४३ टक्के दोन, १४ टक्के एक. म्हणजे एक पायरी दिसली म्हणून एक अल्फा नाही, आणि दोन पायऱ्या दोन्ही प्रकारांतून येतात. तीन पायऱ्या मात्र तीनवाल्यातूनच. म्हणून ठिपका बघून "हा दोनवाला" म्हणता येत नाही, अख्ख्या ढिगाचं वाटप बघून दोन प्रकारांचं प्रमाण बसवावं लागतं. ७५ हा आकडाही गृहीत धरू नका, ज्यात जीएफपी नक्की दोनच आहेत असं एखादं प्रोटीन त्याच काचेवर, त्याच दिवशी मोजून काढा.

माझं काय झालं होतं? मला दोन पायऱ्या जेमतेम २३ टक्के आणि एक पायरी ७७ टक्के मिळत होत्या. मी महिनाभर डिटर्जंटला दोष देत होते, रिसेप्टर तुटतोय म्हणून, डीडीएम बदललं, डिजिटोनिन हे दुसरं डिटर्जंट आणलं, पैसे गेले. मग एका रविवारी कामाठीबागेत बाकावर बसून वहीत आकडे मांडले. निम्मे अल्फा बिनटॅगचे, म्हणजे ७५ चे साडेसदतीस, आणि तेवढ्यावर हिशोब केला तर बरोब्बर २३ आणि ७७. उंदीर मिश्र होता. सोमवारी उणे ८० मधला शेपटीचा तुकडा काढून पीसीआर लावला, दोन पट्ट्या.

९. परत आल्यावर

उरलेला टिश्यू आणि उंदीर जैविक कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत, नोंदवहीत त्याच दिवशी सही, दुसऱ्या दिवशी नाही. स्लाइडा फेकू नका, एसीटोनमधे रात्रभर ठेवल्या की इपॉक्सी सुटतं आणि भोकं पाडलेल्या काचा परत वापरता येतात. कव्हरस्लिप मात्र नव्याच घ्या. डेटाची एक कॉपी गाडीत बसायच्या आधी करा. आणि वहीत त्या दिवशीची लेझर पॉवर, खोलीचं तापमान, काचांची बॅच आणि उंदराचा नंबर लिहा, शेपटीच्या जेलचा फोटो शेजारी चिकटवून.